पंधरा दिवसांतली दोन उड्डाणं

21 जून 1972. दक्षिण फ्रान्सच्या आकाशात जाँ बुले हे चाचणी-वैमानिक एका लहानशा हेलिकॉप्टरमध्ये एकटेच बसून वर वर चालले होते. वजन घटावं म्हणून यंत्रातलं जे जे काढता येईल ते आधीच काढून टाकलं होतं. ते 12,442 मीटरवर पोहोचले. एव्हरेस्टच्या माथ्याहून ही उंची साडेतीन किलोमीटर जास्त. तिथल्या विरळ, गोठलेल्या हवेत इंजिन विझलं आणि पुन्हा पेटेना. अशा वेळी हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. खाली येताना खालून वर घुसणारी हवाच पाती फिरती ठेवते, आणि वैमानिकाचा हात सराईत असेल तर त्या फिरण्याच्या आधारानं उतरता येतं. बुले यांचा हात सराईत होता. इंजिनाशिवाय बारा किलोमीटर उतरून त्यांनी यंत्र सुखरूप जमिनीवर टेकवलं.

त्या यंत्राचं नाव लामा. आपल्याकडे ते ‘चीता’ म्हणून ओळखलं जातं, आणि त्याच्या जन्माचं कारण भारतच आहे.

लामा ज्या कंपनीनं घडवलं ती फ्रेंच सरकारच्या मालकीची. दारावरच्या पाट्या बदलत गेल्या, आत काम करणारे हात बरेचसे तेच राहिले. तिची कुळकथा कामगारांच्या संपापासून सुरू होते. मे 1936 मध्ये फ्रान्समध्ये डाव्या पक्षांची ‘पॉप्युलर फ्रंट’ आघाडी निवडून आली होती, सरकार अजून बसायचं होतं. एक मेला कामावर न आलेल्या कामगारांना काढल्यावरून ल हाव्रच्या ब्रेगे विमान कारखान्यात 11 तारखेला आणि तुलूझच्या लातेकोएर कारखान्यात 13 तारखेला कामगारांनी काम थांबवलं. पण ते घरी गेले नाहीत, कारखान्यातच मुक्काम ठोकून बसले. बघता बघता हे लोण देशभर पसरलं. त्या उन्हाळ्यात नव्या सरकारचे हवाईमंत्री पिएर को यांनी लढाऊ सामग्री बनवणारे विमान कारखाने सरकारच्या ताब्यात घेणारा कायदा आणला. 11 ऑगस्ट 1936 चा तो कायदा. विखुरलेल्या खाजगी कारखान्यांतून प्रदेशवार सहा राष्ट्रीय कंपन्या उभ्या राहिल्या: उत्तर, पश्चिम, मध्य, नैर्ऋत्य, आग्नेय आणि ‘मिदी’, म्हणजे तुलूझच्या बाजूची.

पुढे युद्ध आलं, जर्मनांचा ताबा आला. सहांच्या चार झाल्या, चारांच्या तीन. 1957 मध्ये आग्नेय आणि नैर्ऋत्य कंपन्या एकत्र होऊन ‘स्यूद आव्हियासियाँ’ झाली. 1 जानेवारी 1970 ला तिच्यात ‘नोर आव्हियासियाँ’ आणि क्षेपणास्त्रं बनवणारी आणखी एक संस्था मिळाली, आणि ‘एरोस्पासियाल’ उभी राहिली.

या घराण्याला जगात पत मिळवून दिली ती कॅराव्हेल विमानानं. 27 मे 1955 ला ते तुलूझहून पहिल्यांदा उडालं. तोवर प्रवासी जेट विमानांची इंजिनं पंखात किंवा पंखांखाली असत. मुख्य अभियंता पिएर सात्र यांच्या चमूनं ती शेपटीजवळ, धडाच्या दोन्ही बाजूंना बसवली. पंख मोकळे आणि गुळगुळीत राहिले, प्रवाशांच्या कानाशी होणारा गोंगाट मागे गेला. नाकाचा आणि चालककक्षाचा भाग ब्रिटिशांच्या कॉमेट विमानावरून घेतलेला आणि इंजिनं रोल्स-रॉइसची. उसनवारीचा संकोच न बाळगणारी ही वृत्ती मला फार शहाणपणाची वाटते. एप्रिल 1959 मध्ये एका कॅराव्हेलनं पॅरिसवर उंच जाऊन इंजिनांचा जोर काढून घेतला आणि घारीसारखं तरंगत थेट दिजाँ गाठलं. अंतर सुमारे 265 किलोमीटर. अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सनं वीस कॅराव्हेल घेतली, हे तेव्हाच्या युरोपला स्वप्नवत होतं.

1964 पासून इंडियन एअरलाइन्सकडेही कॅराव्हेल आली आणि मुंबईकरांना ती निमुळत्या, त्रिकोणी खिडक्यांची विमानं ओळखीची झाली. त्या ओळखीत एक दुःखही आहे. 12 ऑक्टोबर 1976 च्या रात्री मद्रासला निघालेल्या कॅराव्हेलच्या इंजिनानं उड्डाणानंतर लगेच पेट घेतला. विमान मुंबईकडे परत वळलं, पण धावपट्टी गाठण्याआधीच कोसळलं. आतले सगळे, 95 माणसं, गेली.

हेलिकॉप्टरांचं काम तुलूझपासून दूर, मार्सेयजवळच्या मारिन्यानला चाले. त्यांचं नाव आलुएत, म्हणजे चंडोल पक्षी. 12 मार्च 1955 ला बुले यांनीच उडवलेलं ‘आलुएत दोन’ हे टर्बाइन इंजिनावर चालणारं आणि कारखान्यातून घाऊक बाहेर पडलेलं पहिलं हेलिकॉप्टर. त्याआधीची पिस्टन इंजिनं जड असत आणि विरळ हवेत धापा टाकत. टर्बाइन हलकं, त्यामुळे डोंगर हेच या चंडोलाचं घर झालं. डिसेंबर 1956 च्या अखेरीस माँ ब्लाँवर अडकलेल्या दोन तरुण गिर्यारोहकांच्या सुटकेसाठी गेलेलं मोठं पिस्टन हेलिकॉप्टर बर्फात आदळलं. त्यातल्या माणसांना खाली आणलं ते आलुएतनीच. ते दोघे तरुण मात्र वाचले नाहीत. पहाडातल्या बचावाची व्यवस्था किती तोकडी आहे, हे फ्रान्सला त्या आठवड्यात कळलं.

पुढचं, मोठं ‘आलुएत तीन’ भारतानं परवान्यावर बनवायला घेतलं. बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये ते ‘चेतक’ झालं. चंडोलाचा राणा प्रतापांचा घोडा झाला, आणि हे नामांतर मला मनापासून आवडतं.

पण हिमालयासाठी चेतकही पुरेसं नव्हतं. 1968 मध्ये भारतीय सैन्यदलांनी खूप उंचीवर, उष्ण दिवसांतही उडू शकेल अशा यंत्राची मागणी नोंदवली. मारिन्यानच्या लोकांनी काढलेला मार्ग घरातल्या कारागिराला सुचावा तसा होता: ‘आलुएत दोन’चा हलका सांगाडा घ्यायचा आणि त्यावर ‘आलुएत तीन’चं दांडगं इंजिन व पाती चढवायची. 17 मार्च 1969 ला लामा उडालं. त्याच वर्षी हिमालयातल्या चाचण्यांत दोन माणसांसह ते 7,500 मीटर उंचीवर उतरलं आणि तिथून पुन्हा उडालं.

17 मार्च ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण त्याआधी पंधराच दिवस, 2 मार्चला, तुलूझमध्ये याच कंपनीचं दुसरं यंत्र पहिल्यांदा आकाशात गेलं होतं. आंद्रे त्युर्का यांनी उडवलेलं ते विमान म्हणजे काँकॉर्ड. ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाणारं, सगळ्या जगानं माना वर करून पाहिलेलं. नोव्हेंबर 1962 च्या करारानं फ्रान्स आणि ब्रिटननं ते एकत्र बनवायचं ठरवलं. करारात बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून 1964 मध्ये ब्रिटनला माघार घ्यावीशी वाटली तरी घेता आली नाही. जुळणी दोन्ही देशांत, खर्च अफाट. शेवटी बनली फक्त वीस, आणि प्रवाशांसाठी उडाली चौदा, तीही बांधणाऱ्या दोन देशांच्याच विमान कंपन्यांकडे.

काँकॉर्डच्या सौंदर्यापुढे मीही नमतो. पण सरकारी घरातून लोकांना काय मिळावं असं कुणी विचारलं तर माझं बोट लामाकडे जाईल. एकाचा जन्म राष्ट्राच्या अभिमानातून, दुसऱ्याचा कुणाच्या तरी अडचणीतून.

घरात सगळं गोड होतं असंही नाही. मे 1968 मध्ये नाँतजवळच्या बुगने इथल्या स्यूद आव्हियासियाँच्या कारखान्यात कामाचे तास कमी करून पगार कापण्याचा वाद चिघळला. 14 तारखेला कामगारांनी दारं बंद केली आणि संचालकांना त्यांच्या कचेरीतच कोंडलं. ते दोन आठवडे आत राहिले. पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर होतेच, पण कारखाना ताब्यात घेण्याचा त्या वर्षीचा पहिला प्रकार हा. महिना संपेपर्यंत फ्रान्समध्ये सत्तर लाखांहून अधिक लोक संपावर होते. बत्तीस वर्षांपूर्वी ज्या रीतीनं ही कंपनी जन्माला आली, तीच रीत तिच्यावर उलटली. तेव्हा अध्यक्षपदी होते मोरिस पापाँ, पॅरिसचे माजी पोलीसप्रमुख. युद्धकाळात ज्यूंच्या हद्दपारीत हात असल्याबद्दल 1998 मध्ये त्यांना शिक्षा झाली. आणि एक्झोसे क्षेपणास्त्रही इथलंच. 4 मे 1982 ला फॉकलंडच्या युद्धात त्यानं ब्रिटिशांची ‘शेफील्ड’ युद्धनौका पेटवली, वीस खलाशी मेले. या घराण्याचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं मला जमणार नाही.

सरकारच्या चिकाटीचं खरं फळ एअरबसमध्ये दिसलं. फ्रान्स आणि जर्मनीनं मे 1969 मध्ये करार केला आणि रॉजे बेतेय यांच्या तांत्रिक नेतृत्वाखाली घडलेलं ए-300 विमान 28 ऑक्टोबर 1972 ला तुलूझहून उडालं. पुढे मागणीच आटली. शेपटीवर कुठल्याही कंपनीचं चिन्ह नसलेली, न विकलेली विमानं तुलूझच्या तळावर उभी राहिली. त्या ओढगस्तीच्या 1976 सालात ए-300 घेणाऱ्यांत आपली इंडियन एअरलाइन्स होती. अमेरिकेच्या ईस्टर्न एअरलाइन्सला चार विमानं सहा महिने भाड्याशिवाय वापरायला दिली, तेव्हा कुठे 1978 मध्ये तिनं 23 मागितली. खाजगी मालकानं एवढी वर्षं तोटा सोसला असता, असं मला वाटत नाही.

1999 मध्ये एरोस्पासियाल खाजगी ‘मात्रा’ कंपनीत मिसळली आणि निम्म्याहून अधिक भाग सरकारच्या हातातून गेला. 10 जुलै 2000 ला ती जर्मन आणि स्पॅनिश कंपन्यांसह ‘ईएडीएस’ या एकाच युरोपीय कंपनीत विरली. त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी, 25 जुलैला, पॅरिसहून निघालेलं काँकॉर्ड गोनेस गावात कोसळलं आणि 113 माणसं गेली. 2003 मध्ये काँकॉर्डची उड्डाणं कायमची थांबली.

लामाचं भारतीय रूप मात्र उडतच राहिलं. नाशिकरोडच्या गांधीनगरला लष्कराचे वैमानिक चेतक आणि चीतावर शिकतात. त्यातले काही पुढे सियाचीनला जातात. तिथे 1984 पासून चीता हीच वरच्या चौक्यांची जीवनरेषा आहे. हवा इतकी पातळ असते की इंधन हिशेबानं भरावं लागतं आणि एका खेपेत रॉकेलचा एखादा डबा, थोडी भाजी, पत्रांची थैली एवढंच नेता येतं. हेलिकॉप्टर बर्फावर टेकतं, जवान वाकून धावत येतात, सामान उतरवतात, आजाऱ्याला आत बसवतात. या सगळ्या वेळात वरची पाती फिरतच असतात. तिथे इंजिन कुणी बंद करत नाही.