राजीनामा आधी की नोटीस आधी?

कुंडलिकेच्या एका काठावर रोहा, दुसऱ्या काठावर अष्टमी. नगरपरिषद मात्र दोघांची मिळून एकच. इथली परिचारिका एकतर रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात असते, नाहीतर खासगी दवाखान्यात. ‘काढण्याआधी तुम्हीच राजीनामा द्या’ असं वरून सुचवलं गेलं, तर दोघींचं उत्तर एकच असू शकत नाही.

सरकारी सेवेतल्या कायम परिचारिकेला आरोप कळवून, चौकशी करून, बाजू मांडू दिल्याशिवाय सहसा काढता येत नाही. संविधानाचा अनुच्छेद ३११ तिच्या पाठीशी आहे. उलट जुनी पेन्शन लागू असेल, तर १९८२ च्या महाराष्ट्र निवृत्तिवेतन नियमांनुसार राजीनाम्याने साधारणपणे आधीची सगळी सेवाच बुडते. घाईची सही तिलाच सर्वांत महाग पडते.

खासगीत हिशेब वेगळा. ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असेल आणि सलग पाच वर्षं भरली असतील, तर राजीनामा देऊनही ग्रॅच्युइटी मिळते: दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. गंभीर गैरवर्तनाबद्दल बडतर्फ झाल्यास मात्र ती रोखली जाऊ शकते. म्हणून आरोप खरा आणि जड असेल, तर आधी निघणं शहाणपणाचं. तो पोकळ असेल, तर मी तरी लेखी कारण मागेन. कारण राजीनामा दबावाखाली दिला हे नंतर सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावरच येते.

नोंदणी रद्द होण्याची भीती अनेकींना घातली जाते. ती रद्द करण्याचा अधिकार मालकाला नाही, महाराष्ट्र परिचर्या परिषदेला आहे. पण रुग्णाच्या जिवाशी संबंधित तक्रार राजीनाम्यानंतरही तिथे जाऊ शकते.