न पाहिलेल्या विद्यार्थ्यांसाठीं

शिष्यवृत्ति हा शब्द आपल्या कानीं नेहमीं पडतो. परंतु तिचा पैसा येतो कोठून व टिकतो कसा, याचा विचार आपण क्वचितच करितों. एका जुन्या शिष्यवृत्तीच्या इतिहासावरून हें चांगलें समजेल.

जॉन बोर्थविक गिलख्रिस्ट यांचा जन्म १७५९ सालीं एडिंबरो येथें झाला. धंद्यानें ते शल्यवैद्य. १७८२ मध्यें ते मुंबईस आले, आणि पुढें लोकांची भाषा शिकून त्यांनीं तिचे कोश व व्याकरण रचिलें. १८०० सालीं कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघालें, तेव्हां तेथें ते हिंदुस्थानी भाषेचे प्राध्यापक झाले. स्वदेशीं परतल्यावर लंडन येथेंही त्यांनीं हीच भाषा शिकविली. १८४१ मध्यें पॅरिस येथें ते निवर्तले.

जगाच्या सर्व भागांत विद्येचा प्रसार व्हावा, यासाठीं त्यांनीं मृत्युपत्रान्वयें आपलें धन ठेविलें होतें. त्यांत सिडनी येथील ५५० एकर जमीनही होती. ती १८०१ सालीं त्यांस अवघ्या पांच शिलिंगांस मिळाली होती! शहर वाढलें, तसें तिचें मोल वाढलें. तथापि मृत्युपत्रांतील शब्द फार मोघम आहेत, असा वाद न्यायालयांत निघाला. १८५८ मध्यें दान कायम ठरलें, व १८६५ पासून निधीचें कार्य नीट सुरू झालें.

अशा निधीचें मुद्दल राखून ठेवितात व उत्पन्न तेवढें खर्च करितात. झाड न तोडतां दरसाल फळें घ्यावीं, तसेंच हें होय. म्हणून दाता गेला तरी दान चालू राहतें.

१८८२ सालीं ही शिष्यवृत्ति मिळविणाऱ्यांत, गिलख्रिस्ट यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं जन्मलेला एक बंगाली तरुण होता. त्याच्या घरची संपत्ति ओसरत चालली होती. विलायतेचा खर्च वडिलांस झेपणारा नव्हता. परीक्षेसाठीं त्यानें लॅटिन व फ्रेंच भाषांचा अभ्यास केला. दात्याच्याच जन्मगांवीं, एडिंबरो येथें, शिकून १८८७ मध्यें त्यानें डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी संपादिली. हेच रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय.

पुढें ते कलकत्ता विश्वविद्यालयांत प्राध्यापक झाले. १९२१ सालीं वयाचीं साठ वर्षें पूर्ण होतांच, यापुढील आपला सर्व पगार त्यांनीं विश्वविद्यालयास अर्पण केला. रसायनशाखेची वाढ व संशोधक विद्यार्थ्यांस वृत्ति, हा त्याचा विनियोग. १९३६ मध्यें निवृत्त होईपर्यंत हा क्रम चालला. ते स्वतः मात्र सायन्स कॉलेजांतील एका साध्या खोलींत राहत.

गिलख्रिस्ट यांस प्रफुल्लचंद्र ठाऊक नव्हते, आणि प्रफुल्लचंद्रांस आपलें ऋण त्यांस परत करणें शक्य नव्हतें. तें त्यांनीं पुढील विद्यार्थ्यांस फेडिलें. पालकहो, आपणांपाशीं दूरदेशींची जमीन नसेल. परंतु एका मुलाच्या पुस्तकांचा खर्च उचलणें पुष्कळांस साध्य आहे. आणि विद्यार्थ्यांनो, आज ज्याला मदत मिळते त्यानें संकोच मानूं नये. आपली पाळी येईल तेव्हां ती ओळखावी, म्हणजे झालें.