कोलकाता ते बुखारेस्ट, इंग्रजीचा थांबा न घेता

भारतीय भाषांमध्ये युरोपातलं साहित्य बहुतेक वेळा इंग्रजीतून येतं. म्हणजे अनुवादाचा अनुवाद. आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्या बाईंनी हा मधला थांबा टाळला. त्यांचं नाव अमिता बोस. रोमानियात त्यांचं आडनाव ‘भोसे’ असं लिहितात.

जन्म कोलकात्यात, १९३३ साली. योगायोग असा की त्याच वर्षी मिर्चा एलियादे यांची कोलकात्यात घडणारी ‘मैत्रेयी’ ही कादंबरी रोमानियात प्रसिद्ध झाली. १९५९ मध्ये अमिताबाई पतीबरोबर रोमानियाला गेल्या आणि तिथली भाषा शिकल्या. परत आल्यावर त्यांनी रोमानियन साहित्य बंगालीत आणायला सुरुवात केली. १९६९ मध्ये मिहाई एमिनेस्कू यांच्या कवितांचा त्यांचा बंगाली अनुवाद पुस्तकरूपाने आला. एमिनेस्कू (१८५०–१८८९) हे रोमानियाचे राष्ट्रकवी.

थेट अनुवादाने काय साधतं? एक साधं उदाहरण देतो. इंग्रजीत ‘द’ हा शब्द नामाच्या आधी येतो. रोमानियनमध्ये तो नामाच्या शेवटी चिकटतो: ‘लुप’ म्हणजे लांडगा, ‘लुपुल’ म्हणजे तो लांडगा. बंगालीतही तसंच आहे: ‘बाघ’ म्हणजे वाघ, ‘बाघटा’ म्हणजे तो वाघ. हजारो मैल लांबच्या दोन भाषांची ही सवय सारखी. इंग्रजीतून गेलात तर हे साम्य दिसतच नाही. किंवा ‘दोर’ हा रोमानियन शब्द घ्या. इंग्रजीत त्याला नेमका शब्द सापडत नाही. आपल्याकडे ओढ आहे, हुरहूर आहे, विरह आहे. निवडायला भरपूर आहे.

पुढे त्या पुन्हा बुखारेस्टला गेल्या आणि एमिनेस्कू व भारत या विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९७८ मध्ये त्यावरचं पुस्तक रोमानियन भाषेत निघालं. एमिनेस्कूंच्या कवितेतला भारत हा केवळ शोपेनहाउअरच्या वाचनातून आलेला, असं म्हणून विषय संपत नाही, हे त्यांनी दाखवलं. एमिनेस्कूंनी फ्रान्झ बॉप यांच्या संस्कृत व्याकरणाच्या काही भागाचा अनुवाद करायला घेतला होता. त्यांच्या ‘पहिलं पत्र’ या कवितेतलं विश्वाच्या उत्पत्तीचं वर्णन ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताच्या फार जवळ जातं. हे ओळखायला दोन्हीकडची भाषा यावी लागते.

बुखारेस्ट विद्यापीठात त्यांनी बंगाली आणि संस्कृत शिकवलं, रवींद्रनाथांना रोमानियनमध्ये नेलं. म्हणजे वाहतूक दोन्ही दिशांनी. १९९२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

मला यात मोलाचं वाटतं ते हे. अमिताबाई रोमानियात गेल्या, पण बंगाली त्यांनी सोडली नाही. आणि परकी भाषा कामापुरतीही ठेवली नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण बडोद्यात, हैदराबादेत, बंगळुरूत राहता. बाजारापुरती गुजराती, तेलुगू, कन्नड येतेच. तिथली एखादी कथा मुळातून वाचून थेट मराठीत आणणारा माणूस मात्र विरळा. तो तुमच्या घरातही असू शकतो.