दुष्काळ, टंचाई आणि एक प्रश्न

1963 साली महाराष्ट्राने एक कायदा केला, राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकणारा. पिकांवर शासनाचे सतत लक्ष असते, टंचाई दिसताच मदत पोचते, म्हणून दुष्काळाला वाव नाही, ही त्यामागची भूमिका. नऊच वर्षांत 1972 उजाडले. लोकांनी त्याला दुष्काळ म्हटले, सरकारी कागदांत ती टंचाई राहिली. आणि मे 1973 मध्ये जवळपास 50 लाख माणसे सरकारी कामांवर राबत होती. हे पाहताना धोरणांच्या अभ्यासक कॅरल बाकी यांनी 1999 मध्ये मांडलेला प्रश्न मला मोलाचा वाटतो. धोरण समस्या सोडवते असे आपण धरून चालतो. फ्रेंच विचारवंत फुकोचा धागा पकडून बाकी विचारतात, की एखाद्या धोरणाने समस्या म्हणून नेमके काय उभे केले आहे आणि काय नजरेआड ठेवले आहे?

दुष्काळी कामांतूनच पुढे आलेल्या रोजगार हमी योजनेला हा प्रश्न विचारून पाहावा. 1977 च्या कायद्याने मदत उपकार राहिली नाही, हक्क झाली. ही झेप फार मोठी होती, तिचे मोल कमी करायचे नाही. पण समस्या मांडली गेली ती ‘हाताला काम नाही’ अशी. उन्हात खडी फोडणाऱ्या बाईला मजुरी मिळाली. धरणातले पाणी उसाला किती आणि तिच्या ज्वारीला किती, हा प्रश्न मात्र त्या चौकटीत मावलाच नाही.

यावर आक्षेप येतो: पाऊस पडला नाही हे सत्य आहे, शब्दांचा कीस काढून विहिरीला पाणी लागत नाही. खरे आहे, आणि कोरडी विहीर कोणी नाकारतही नाही. पण तिची दखल कशी घ्यायची, हे शब्दच ठरवतात. निवडक प्लॉटवरचे पीक कापून, मळून, तोलून काढलेली पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत यंदाचे पीक किती याचे माप, 50 पैशांच्या खाली की वर, यावर गावाचे नशीब टांगलेले असते. ऑक्टोबर 2018 मध्ये आधी 180 तालुके ‘दुष्काळसदृश’ ठरले आणि आठवडाभरात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला: 112 ‘गंभीर’, 39 ‘मध्यम’. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ नियमावलीप्रमाणे राष्ट्रीय आपत्ती निधीची मदत मागता येते ती फक्त ‘गंभीर’साठी.