बिनतारी जाल-अनुकरण

रेडिओ तरंगांनी जोडलेल्या संगणकांच्या जालाचे वर्तन प्रत्यक्ष रेडिओ सामग्रीवाचून, केवळ आज्ञावलीच्या (सॉफ्टवेअरच्या) साहाय्याने निर्माण करण्याची पद्धती. माहितीची पॅकेटे (ठराविक कमाल लांबीचे, पत्ता जोडलेले माहितीचे तुकडे) संगणकाच्या स्मृतीतील रांगेत थांबविणे, ठरविलेल्या नियमाप्रमाणे सोडणे आणि काही पॅकेटे टाकून देणे, या तीन क्रियांवर ही पद्धती मुख्यत्वे आधारलेली आहे. सादृशीकरणाहून ती वेगळी आहे. सादृशीकरणात काळ, पॅकेटे व त्यांची देवघेव करणारे संगणक हे सर्वच गणिती असतात. अनुकरणात खऱ्या आज्ञावली खऱ्या वेळात काम करीत असतात व त्यांच्यामधील मार्ग तेवढा कृत्रिम असतो.

आवश्यकता : तारेतून जाणाऱ्या संकेतास बाह्य परिस्थितीचा उपद्रव थोडा होतो, हवेतून जाणाऱ्या संकेताचे तसे नाही. २·४ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी सु. १२·५ सेंमी. असते. भिंतींवरून परावर्तित झालेले तरंग एकमेकांत मिसळत असल्यामुळे ग्राही काही सेंमी. सरकला, तरी संकेताची तीव्रता अनेक पटींनी बदलू शकते. त्यामुळे एकदा केलेला प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करता येत नाही आणि दोन संदेशवहन-नियमावलींची तुलना करताना नियमांमुळे पडलेला फरक कोणता व हवेमुळे पडलेला कोणता, हे ओळखणे कठीण होते. अनुकरणाने तीच परिस्थिती हवी तितक्या वेळा निर्माण करता येते.

इतिहास : हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनी उभारलेले अलोहानेट हे बिनतारी पॅकेट जाल १९७१ मध्ये सुरू झाले. बिनतारी स्थानिक जालांचे ८०२.११ हे मानक प्रथम १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पीसा विद्यापीठातील लुईजी रिझ्झो यांनी डमीनेट या अनुकरण-साधनाचे वर्णन प्रसिद्ध केले. लिनक्स प्रणालीतील नेटेम या साधनाचे वर्णन स्टीफन हेमिंगर यांनी २००५ मध्ये केले.

रचना : अनुकरणात सामान्यतः दोन रांगा एकापुढे एक ठेवतात. पहिली मर्यादित लांबीची असून तिच्यातून पॅकेटे मार्गाच्या वेगाने बाहेर पडतात. ती भरली की नवे पॅकेट टाकून दिले जाते. दुसरी विलंब-रांग असून तीत प्रत्येक पॅकेट प्रसारणास लागणारा काळ थांबते. मार्गाचा वेग सेकंदास १२ मेगॅबिट असेल, तर १,५०० बाइटांचे (१२,००० बिटांचे) पॅकेट बाहेर पडण्यास १ मिलिसेकंद लागतो व १०० पॅकेटांची भरलेली रांग रिकामी होण्यास १०० मिलिसेकंद लागतात. संकेत क्षीण होऊन वेग सेकंदास १ मेगॅबिटवर आला, की त्याच रांगेस १·२ सेकंद लागतात. बिनतारी मार्गावर संभाषण एकाएकी अडखळते, त्याचे एक महत्त्वाचे कारण हेच आहे. केवळ ठराविक विलंब मिळविणाऱ्या अनुकरणात हा परिणाम दिसत नाही.

हानी : प्रत्येक पॅकेट स्वतंत्रपणे व सारख्याच संभाव्यतेने नष्ट होते, असे मानणे सोपे असले, तरी वास्तवाला धरून नाही. हवेतील हानी झुबक्यांनी होते. ई. एन. गिल्बर्ट (१९६०) व ई. ओ. एलियट (१९६३) यांच्या प्रतिमानात मार्गाच्या चांगली व वाईट अशा दोन अवस्था मानतात. चांगल्या अवस्थेत हानी मुळीच नाही व वाईट अवस्थेत प्रत्येक पॅकेट नष्ट होते असे धरले आणि वाईट अवस्थेतून बाहेर पडण्याची संभाव्यता दर पॅकेटास ०·२५ घेतली, तर झुबका सरासरी ४ पॅकेटांचा होतो. सरासरी हानी १ टक्का राखण्यासाठी चांगल्या अवस्थेतून वाईट अवस्थेत जाण्याची संभाव्यता सु. ०·००२५ ठेवावी लागते. शिवाय ८०२.११ पद्धतीत पोच न मिळालेले पॅकेट प्रेषक स्वतःच काही वेळा पुन्हा पाठवितो. त्यामुळे हवेतील बरीचशी हानी वरच्या थरास हानी म्हणून न जाणवता विलंब म्हणून जाणवते.

सामाईक माध्यम : एका प्रवाहमार्गावरील सर्व स्थानके एकच हवा वापरतात. म्हणून जाणाऱ्या व येणाऱ्या पॅकेटांसाठी दोन स्वतंत्र रांगा ठेवणे चुकीचे ठरते. एका वेळी एकाच रांगेस सोडणारा सामाईक नियंत्रक आवश्यक असतो. सर्व स्थानकांना पाठविण्याची संधी सारखी मिळत असली, तरी मंद स्थानक प्रत्येक संधीस अधिक वेळ घेते. त्यामुळे एका मंद स्थानकापायी जलद स्थानकांचाही वेग घटतो.

नोंदींवर आधारित अनुकरण : यात गणिती प्रतिमानाऐवजी प्रत्यक्ष मोजलेल्या नोंदी वापरतात. नोबल, सत्यनारायणन व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये अशी पद्धती मांडली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील माहीमाही (२०१५) या साधनात नोंदीची प्रत्येक ओळ म्हणजे १,५०० बाइट पाठविण्याची एक संधी असते. त्या क्षणी रांग रिकामी असेल, तर ती संधी वाया जाते. पुढे साठविता येत नाही.

मर्यादा : (१) संगणकाचे घड्याळ १ मिलिसेकंदाच्या टप्प्याने चालत असेल, तर त्याहून सूक्ष्म घटना पुनर्निर्मित होत नाहीत. (२) सेकंदास १ गिगॅबिट वेग व १०० मिलिसेकंद विलंब असता १,५०० बाइटांची सु. ८,३०० पॅकेटे वाटेत असतात. नेटेमची मूळ मर्यादा १,००० पॅकेटांची असल्याने ती न वाढविल्यास साधनच पॅकेटे टाकते व दोष परीक्ष्य आज्ञावलीच्या माथी येतो. (३) प्रत्येक पॅकेटास वेगळा यदृच्छ विलंब दिला, तर मागचे पॅकेट पुढे जाऊन क्रम बिघडतो. एकाच रांगेतून जाणाऱ्या खऱ्या मार्गावर असे क्वचितच घडते. (४) नोंद ही गतकाळाची असते. परीक्ष्य आज्ञावलीने अधिक भार टाकला असता हवा कशी वागली असती, हे ती सांगत नाही. सदोष अनुकरणावर जुळविलेली नियमावली प्रयोगशाळेत उत्तम व प्रत्यक्षात निकृष्ट ठरू शकते. यासाठी ज्ञात वर्तनाच्या एखाद्या खऱ्या मार्गाशी अनुकरणाची आधी तुलना करतात व दोन्हींचे वेग, विलंब आणि हानी यांचे केवळ मध्य नव्हे, तर त्यांची वितरणेही जुळतात की नाही, हे तपासतात.