पालकांचे नैराश्य आणि अपत्यांचे मानसिक आरोग्य

नैराश्य एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या आढळते, हे निरीक्षण जुने आहे. त्याचा दीर्घकालीन अभ्यास मात्र अलीकडचा होय. मायर्ना वाइसमन यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात नैराश्यग्रस्त व निरोगी अशा दोन्ही प्रकारच्या पालकांच्या मुलांचा अभ्यास आरंभिला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्त पालकांच्या मुलांत नैराश्याचा व चिंताविकारांचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट होता. नैराश्याचा प्रारंभ प्रामुख्याने १५ ते २० या वयात झालेला आढळला. महाविद्यालयीन विद्यार्थी नेमका याच वयाचा असतो. त्याची गैरहजेरी बहुधा आळसाच्या खात्यावर मांडली जाते, ही गोष्ट वेगळी.

जुळ्या भावंडांवरील संशोधनाच्या २००० मधील आढाव्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के आढळला. रुग्णाच्या अपत्याला नैराश्य येण्याची शक्यता ३७ टक्के, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. व्यक्तिव्यक्तींमधील फरकांपैकी तेवढा भाग जनुकीय भेदांशी निगडित असतो, एवढेच. 'नैराश्याचे जनुक' असे एखादे जनुक नाही. सेरोटोनिन-वाहक जनुकाविषयी २००३ मध्ये मोठी आशा निर्माण झाली होती. २०१९ मधील विस्तृत पडताळणीत ती टिकली नाही.

अध्यापकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा निष्कर्ष २००६ मधीलच दुसऱ्या अमेरिकी अभ्यासाचा आहे. त्यात उपचार घेणाऱ्या माता व त्यांची मुले अशा १५१ जोड्यांचे निरीक्षण झाले. तीन महिन्यांत ज्या मातांचे नैराश्य पूर्ण ओसरले, त्यांच्या मुलांतील मनोविकारांचे प्रमाण ११ टक्क्यांनी घटले. ज्यांचे ओसरले नाही, त्यांच्या मुलांत ते ८ टक्क्यांनी वाढले. पालकावरील उपचार हा अपत्याच्याही हिताचा भाग ठरू शकतो, तो असा.

महाराष्ट्रात याच्या आड येते ती लपवाछपवी. स्थळ पाहताना 'घराण्यात कोणी वेडे होते का' अशी चौकशी होते. म्हणून आजोबांचा विकार 'स्वभाव' ठरतो आणि मुलीचे लग्न अडू नये म्हणून आईचा उपचार टळतो. जिच्यासाठी तो टाळला, त्या मुलीचाच धोका कायम राहतो. पुढे मनोविकारतज्ज्ञाने कौटुंबिक इतिहास विचारला की ती 'घरात कोणालाच नव्हते' असे प्रामाणिकपणे सांगते, कारण तिला कोणी काही सांगितलेलेच नसते. वस्तुतः मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचारांबाबत गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य समुपदेशन मिळते.