रोजचं रांधणं – लेखांक ९ : एक वाटी रवा, तिखटही आणि गोडही

गेल्या आठवड्यात आपण थालीपिठाच्या भाजणीविषयी बोललो. धान्य भाजल्याने त्याची चव आणि पचन कसं बदलतं, ते त्यात पाहिलं. या वेळी विषय रव्याचा. भाजी आणायची राहिली आहे, पोळ्या लाटायला वेळ नाही, पण डब्यात रवा आहे, अशी संध्याकाळ प्रत्येक घरात येते. त्या एका डब्यातून अर्ध्या तासात पोटभर उपमा होतो आणि मुलांनी गोड मागितलं तर शिराही होतो.

तरीही रव्याबद्दलच्या तक्रारी बऱ्याच. उपम्यात गुठळ्या होतात, शिरा चिकट होतो, लाडू फुटत नाहीत इतके कडक होतात. या साऱ्यांचं मूळ दोन गोष्टींत आहे: रवा किती भाजला गेला आणि त्याला पाणी कधी व किती मिळालं. एवढं समजलं की प्रमाणं पाठ करावी लागत नाहीत, हात आपोआप बरोबर चालतो.

रवा कसा होतो

गिरणीत गहू टप्प्याटप्प्याने फोडतात. वरचा कोंडा आणि आतला अंकुर वेगळा होतो. मधल्या पांढऱ्या गाभ्याचे जे कण चाळणीवर उरतात तो रवा, आणि तेच कण आणखी दळले की मैदा. म्हणजे रवा हा मुख्यतः पिष्ट, त्याला प्रथिनांची जोड आणि तंतू अगदी थोडे.

उपम्याला जाड रवा घ्यावा, कारण त्याचे दाणे सुटे राहतात. शिऱ्याला आणि लाडवाला बारीक. त्याहूनही बारीक तो चिरोटी रवा, जो चिरोट्यांच्या आणि करंज्यांच्या पारीसाठी वापरतात. बाजारात इडली रवा म्हणून मिळतो तो मात्र तांदळाचा. त्याचा उपमा करायला जाऊ नये.

भाजताना काय घडतं

कच्चा रवा उकळत्या पाण्यात पडला की दाण्यांची वरची बाजू लगेच फुगते आणि चिकट होते. गव्हाचं पिष्ट साठ अंशांच्या आसपासच फुगू लागतं, मग उकळत्या पाण्यात ते किती झपाट्याने होत असेल पाहा. शेजारचे दाणे एकमेकांना चिकटतात, बाहेर लगद्याचं आवरण तयार होतं आणि आतल्या रव्याला पाणीच मिळत नाही. गुठळी फोडली की आत कोरडा रवा दिसतो तो यामुळे.

भाजल्याने दाण्यातला ओलावा उडतो आणि दाणे सुटे होतात. तुपात किंवा तेलात भाजला तर प्रत्येक दाण्याभोवती स्निग्धाचा पातळ थर बसतो. पाणी आत शिरतं, पण सावकाश. दाणा आतून-बाहेरून सारखा फुलतो आणि शेजाऱ्याला चिकटत नाही. त्याच वेळी दाण्यातली प्रथिनं आणि शर्करा उष्णतेने एकत्र येऊन तो खमंग वास तयार होतो, ज्याच्यामुळे शेजारच्या घरातही शिऱ्याची बातमी पोचते.

आच मध्यम ते मंद ठेवावी आणि उलथनं थांबवू नये. मोठ्या आचेवर तळचा रवा लाल होतो, वरचा कच्चाच राहतो. रवा भाजला गेल्याच्या खुणा तीन: उलथन्याला तो हलका लागतो, कढईत वाळूसारखा सुटा घरंगळतो आणि वास बदलतो. उपम्यासाठी इथेच थांबावं, रंग बदलण्याची गरज नाही. शिऱ्यासाठी आणखी थोडं पुढे जाऊन हलका बदामी रंग येऊ द्यावा.

उपमा

एक वाटी जाड रव्याला अडीच वाट्या पाणी. मऊ हवा असेल, घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील, तर तीन वाट्या. रवा कोरडाच भाजून बाजूला काढावा. दोन चमचे तेलात मोहरी, उडीद डाळ, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि आलं घालून कांदा परतावा. पाणी आणि मीठ घालून खळखळून उकळी येऊ द्यावी. मीठ पाण्यातच घालायचं, म्हणजे ते दाण्यादाण्यात सारखं जातं. मग आच कमी करून एका हाताने रव्याची बारीक धार सोडावी आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहावं. झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ. वरून लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं.

भाज्या घालायच्या असतील तर एक लक्षात ठेवा. रवा पाच मिनिटांत शिजतो, गाजर आणि फरसबी शिजत नाहीत. त्या कांद्याबरोबर परतून, पाण्यात आधी शिजू द्याव्यात आणि मगच रवा घालावा. रव्यात तंतू कमी असल्याने भाज्या, मोड आलेली मटकी, शेंगदाणे घातले की हा नाश्ता जेवणाच्या तोडीचा होतो. देशावर फोडणीत हळद घालून तिखटमिठाचा सांजा करतात, कोल्हापूर-सांगलीकडे उप्पीट. कृतीचा गाभा सगळीकडे हाच.

डब्यात नेलेला उपमा दुपारी कडक का होतो? शिजलेलं पिष्ट गार होताना पुन्हा आवळतं आणि धरलेलं पाणी सोडतं. म्हणून डब्यासाठी पाणी थोडं जास्त घ्यावं. उरलेला उपमा गरम करताना पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावं, तो पुन्हा मऊ होतो.

शिरा

एक वाटी बारीक रवा, अर्धी वाटी तूप, पाऊण वाटी साखर आणि दोन वाट्या दूध-पाणी मिळून. तुपात रवा बदामी भाजावा, उकळतं दूध-पाणी घालावं, झाकून वाफ काढावी आणि रवा पूर्ण फुलल्यावरच साखर घालावी.

साखर शेवटी घालण्याला पक्कं कारण आहे. साखर स्वतःच पाणी धरून ठेवते. ती आधी पडली तर रव्याच्या वाट्याचं पाणी ती घेते, पिष्ट फुगायला जास्त उष्णता लागते आणि दाणा कचकचीत राहतो. मग कितीही वाफ द्या, तो फुलत नाही. रवा शिजल्यावर साखर घातली की मिश्रण आधी सैल होतं. घाबरू नये, दोन-तीन मिनिटांत ते पुन्हा आळतं आणि कडेने तूप सुटतं.

गुळाचा शिरा करायचा असेल तर दूध वापरू नये, गुळामुळे ते फाटण्याची भीती असते. रवा पाण्यात शिजवावा, गूळ थोड्या गरम पाण्यात विरघळवून, गाळून शेवटी घालावा. अननसाचा शिरा करताना ताजा अननस थेट दुधात टाकू नये. त्याच्या आंबटपणाने आणि त्यातल्या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने दूध नासतं. फोडी आधी साखरेत शिजवून घ्याव्यात. आंब्याचा रसही रवा शिजल्यानंतरच.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा घरच्या शिऱ्यापेक्षा वेगळा का लागतो, हे अनेक जण विचारतात. त्याचं उत्तर तुपात आहे. प्रसादाला रवा, साखर आणि तूप सव्वाच्या मापाने, सारखंच घेतात. इतक्या तुपात दाणा पुरता माखतो, म्हणून पूजा आटोपेपर्यंत गार झालेला शिराही मऊ राहतो. त्यात केळं पडतं, तेही तुपात परतलं जाऊन त्याचा गोडवा रव्यात उतरतो. रोजच्या शिऱ्याला एवढं तूप घालायचं कारण नाही, पण अगदी दोन चमच्यांवर शिरा उरकला तर तो गार झाल्यावर घट्ट होणार, हे धरून चालावं.

रव्याचे लाडू

लाडवात रवा पाण्यात शिजत नाही, पाकात मुरतो. सगळी खुबी त्या मुरण्यात आहे. दोन वाट्या बारीक रवा तीन-चार चमचे तुपात भाजावा, उतरवण्याआधी एक वाटी ओलं खोबरं घालून दोन्ही एकत्र परतावं. दीड वाटी साखरेत पाऊण वाटी पाणी घालून एकतारी पाक करावा. बोटांत पाक धरून बोटं लांब केली की एक तार निघते ती खूण. हात भाजू नये म्हणून थेंब आधी बशीत काढावा. गॅस बंद करून रवा आणि वेलची पाकात घालावी. मिश्रण सुरुवातीला सैल दिसतं. दोन तास झाकून ठेवावं, मधून मधून हलवावं. रवा पाक पितो, मिश्रण आळतं, मग लाडू वळावेत.

पाक पुढे गेला तर त्यात पाणी कमी उरतं. रव्याला पिण्याइतकं पाणी मिळत नाही, साखर लवकर गोठते आणि लाडू दगडासारखे होतात किंवा वळलेच जात नाहीत. अशा मिश्रणावर गरम दुधाचा हबका मारून थोडा वेळ झाकून ठेवावं. पाक कच्चा राहिला तर लाडू बसके होतात. तेव्हा आणखी थांबावं, नाहीतर थोडा भाजलेला रवा मिसळावा. ओल्या खोबऱ्याचे लाडू तीन-चार दिवसांत संपवावेत, नुसत्या रव्याचे अधिक टिकतात.

भिजवून होणारे पदार्थ

रव्याचं पाणी पिण्याचं काम चुलीवरच व्हायला हवं असं नाही. ते गार असतानाही होतं, फक्त वेळ लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांदळाची टंचाई झाली तेव्हा बंगळूरच्या एमटीआर उपाहारगृहाने रवा इडली काढली, असं सांगितलं जातं. रात्रीच्या जेवणाला ती उत्तम. फोडणीत परतलेल्या एक वाटी रव्यात एक वाटी आंबट दही आणि लागेल तसं पाणी घालून वीस मिनिटं भिजू द्यावं. पाव चमचा खायचा सोडा अगदी शेवटी घालावा आणि लगेच इडलीपात्र चुलीवर चढवावं. दह्यातलं आम्ल आणि सोडा भेटताच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. ते उडून जाण्याआधी वाफ मिळाली तरच इडली हलकी होते.

गोव्यात नाताळच्या फराळात रवा आणि नारळाचा बातिका हा केक आणि बोलिन्हास ही बिस्किटं असतात. दोन्हींचं मिश्रण बरेच तास, अनेक घरांत रात्रभर, मुरतं आणि मग भट्टीत जातं. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या सुमारास मोठ्या काकडीची, म्हणजे तवशाची, तवसळी होते. ती मुळात तांदळाच्या रव्याची, पण गव्हाच्या रव्याचीही करतात. किसलेल्या काकडीला सुटणारं पाणीच रव्याला पुरतं, वेगळं घालावं लागत नाही. गूळ, खोबरं आणि वेलची मिसळून भाजली किंवा वाफवली की मुलांच्या मधल्या वेळेचं खाणं तयार.

साठवण आणि थोडी काळजी

पावसाळ्यात रव्याला जाळी धरते, अळ्या होतात. आणल्या आणल्या रवा मंद आचेवर कोरडा भाजून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. गरम भरला तर वाफेचं पाणी होऊन तो खराब होतो. असा तयार रवा असला की उपमा पंधरा मिनिटांचं काम.

गव्हातलं ग्लुटेन ज्यांना चालत नाही त्यांनी रवा टाळावा. मधुमेह असलेल्यांनी वाटी लहान ठेवावी आणि भाज्या वाढवाव्यात, किंवा कोंड्यासकट असलेला लापशी रवा वापरावा. सांगली, सातारा, कोल्हापूर भागातला खपली गहू लापशीला फार चांगला.

रांधणं ही घरातल्या एकाच माणसाची जबाबदारी राहू नये, या विचारानेच ही लेखमाला चालू आहे. म्हणून एक विनंती. या रविवारी घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला शेजारी उभं करा आणि रवा त्याच्या, तिच्या हाताने भाजू द्या. उलथनं हलकं कधी झालं आणि वास कधी बदलला, ते त्यांनाच सांगू द्या. ज्याला रवा भाजता येतो, ते मूल पुढे कुठेही राहिलं तरी उपाशी झोपणार नाही.

पुढच्या आठवड्यात : गूळ – चिक्की, पोळी आणि पाक.